काका थांबले नाहीत

माझं आणि काकांचं वैर पळण्यातलं. काका म्हणजे आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे, पासष्टी ओलांडलेले, निवृत्त. मी पंचेचाळिशीची, बँकेत खुर्चीला चिकटून बसणारी. दर रविवारी आमचा ग्रुप सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत पळायचा, आणि घरी पोचायच्या आत प्रत्येकाने आपल्या घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली ते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. काकांचा पेस कायम माझ्यापेक्षा सरस. मी धरणावर धापा टाकत पोचले की ते कणीस खाता खाता म्हणायचे, "आलात? या. धरण अजून इथेच आहे."

तुलना स्वतःशीच करावी, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी खुशाल करावी. मला स्वतःशी भांडणं कधी जमलं नाही; मला पुढे एक पाठ लागते, जिच्याकडे बघून दातओठ खाता येतील. पहाटे गजर झाला की मी काकांच्या रागानेच उठायचे. यांना मागून ढकलून कालव्यात टाकावं, असं मनात यायचं आणि पाय आपसूक जोरात पडायचे. तरी वर्षभर मी मागेच. शेवटी त्या रविवारी ठरवलं, आज यांना गाठलं नाही तर बूट भंगारात द्यायचे आणि पळणं बंद.

त्या दिवशी पाय चांगले चालले, बाकीचा ग्रुप मागे राहिला. आधी काका लांबवर दिसायला लागले, मग त्यांच्या पाठीवरचा घाम दिसला, मग श्वासही ऐकू यायला लागला. इतक्या जवळ मी कधीच आले नव्हते. त्यांनी मागे पाहिलं नाही, फक्त वेग वाढवला. पुढे चिकनची दुकानं होती आणि त्यांच्यासमोर कुत्र्यांचं टोळकं. कुत्री दिसली की पळणं थांबवायचं, हात खाली सोडून चालत जायचं, हे मला काकांनीच शिकवलेलं. चाललं की पेस बिघडतो, सगळ्यांचा जीव जळतो, पण सगळे चालतात. मी चालायला लागले. काका पळतच राहिले.

पहिलं कुत्रं त्यांच्या पोटरीला लोंबकळलं. ते झटकायला काकांनी पाय उचलला आणि ते तोंडावर आपटले. मग बाकीची तुटून पडली. मी ओरडत धावले. हातातली बाटली एकाच्या टाळक्यात घातली, दुसऱ्याच्या बरगडीत लाथ हाणली. पोटरीवरचं मात्र सुटेना. ते मान झटकत होतं आणि त्याच्याबरोबर काकांचा पाय डांबरावर घासत होता. मी रस्त्याकडेचा दगड उचलून त्याच्या नाकाडावर मारला, पुन्हा मारला, ते केकाटून बाजूला होईपर्यंत मारत राहिले. त्याआधी मी कुणाला साधी चापटसुद्धा मारली नव्हती.

"बाई, बास करा, पळाली ती," दुकानदार लोखंडी गज घेऊन आला होता. "पळणाऱ्याच्याच मागं लागत्यात. हे बाबा थांबलं का न्हाईत?"

त्यानेच रिक्षा थांबवली, दोघांनी मिळून काकांना आत घातलं. त्यांची पोटरी फाटून लोंबत होती. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि कमरेचं जॅकेट सोडून त्यावर घट्ट आवळून धरलं.

"थांबायला तुम्हीच शिकवलंत ना? मग का नाही थांबलात?" मी भडकून विचारलं. खरं तर मी घाबरले होते.

काका दात आवळून म्हणाले, "थांबलो असतो तर तुम्ही पुढे गेला असतात."

"काका, मी चालत होते."

"मला काय माहीत? तुमची पावलं अगदी मानेवर वाजत होती. मागे बघायचा धीर झाला नाही." मग डोळे मिटून म्हणाले, "तुम्ही मला मागे टाकणार, हे महिनाभर कळत होतं मला."

त्यांचं गरम रक्त माझ्या बोटांमधून कपड्यांवर उतरत होतं. डॉक्टर काय सांगतील याची धास्ती होती, ते पुन्हा पळतील की नाही, काही ठाऊक नव्हतं. आणि मला आनंद झाला होता, इतका की तो त्यांना दिसू नये म्हणून मी तोंड रस्त्याकडे फिरवलं.