तळ कुणी लावला?

"तळ कुणी लावला?" सर विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता चालू पडायचे. वर्गाचं छत गळो, मुलगा नापास होवो, प्रश्न तोच.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. मी ग्रंथालयात कारकून. टाइपरायटर माझ्या टेबलावर असे. सर खुर्चीत बसलेले मला आठवत नाहीत. दौंडला मुलीकडे जाताना रिकाम्या एसटीतही ते दांडा धरून उभे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो आला की आपण वैतागतो, आणि एखाद्या दिवशी आला नाही की दाराकडे बघत राहतो.

तो प्रश्न मार्केट यार्डातला होता. त्यांचे वडील तिथे हमाल. कांद्याच्या पोत्यांची थप्पी कोसळली, तर वरचं पोतं टाकणाऱ्याला कुणी बोलत नसे. ज्याने तळाचा थर लावला, त्याने पुढे यायचं, दोष घ्यायचा आणि थप्पी पुन्हा लावायची. अशी तिथली रीत.

सरांना ध्यास मात्र श्वेतबटूंचा. जळण संपलेला तारा आकसून पृथ्वीएवढा होतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचा रेटा त्याला सावरून धरतो, पण सूर्याच्या साधारण एक पूर्णांक चार दशांश पट वस्तुमानापर्यंतच. त्यापुढे तो कोसळतो. सर म्हणत, इतक्या दाटीत गुरुत्वाकर्षण पुस्तकातल्यासारखंच वागतं कशावरून? ओढ जरा सैल असेल, तर तारा जास्त पेलेल.

वडिलांसोबत काम केलेल्या म्हाताऱ्या आबांनाही त्यांनी हे यार्डात जाऊन सांगितलं. मी बरोबर होतो.

"म्हंजी थप्पी उंच लागंल?" आबांनी विचारलं.

"लागंल की."

"आन् पडली तर?"

"तर तळ मी लावलाय, आबा."

"मंग मी आपला लांब उभा ऱ्हातो."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरांनी हे गणित मांडून काढलं. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात एक जास्तीचं पद घातलं होतं. टाइप मी केलं. समीकरणांतल्या चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायच्या आणि नंतर काळ्या शाईने हाताने भरायच्या, अशी आमची पद्धत. सर मागे येरझाऱ्या घालत होते.

"झालं का हो?"

"सर, बसा ना जरा."

"मी बसलो की विचारही बसतो."

शेवटचं पान निघताच त्यांनी न वाचता सही केली आणि टपाल चुकेल म्हणून धावले.

महिन्याभराने पुण्याच्या एका संशोधकाचं उत्तर आलं. सरांनी ते वाचून खिशात घातलं.

"काय म्हणतात?"

"तळ कच्चा निघाला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर कित्येक वर्षं ते हिरवी फाइल काखेत घेऊन माझ्या टेबलापर्यंत यायचे. टाइपरायटरवर बोटं टेकवायचे. "चालतंय ना बरं?" विचारायचे आणि फाइल तशीच घेऊन परत जायचे. मला वाटे, पायांना चैन नाही माणसाच्या.

सर गेल्यावर त्यांची मुलगी ती फाइल घेऊन दौंडहून ग्रंथालयात आली. सरांच्या हस्ताक्षरातल्या पानांवर त्या जास्तीच्या पदाआधी स्पष्ट उणे होतं. पुण्याहून पत्रासोबत परत आलेल्या टाइप प्रतीत माझ्या शाईने अधिक. पत्रात संशोधकाने लिहिलं होतं, 'तुमच्या समीकरणावरून मर्यादा वाढत नाही, घटते.' माझ्या अधिकाभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ होतं. खाली सरांच्या उत्तराचा कच्चा खर्डा: 'चूक माझी आहे. दुरुस्त प्रत पाठवतो.'

ती प्रत गेलीच नाही. तिच्यासाठी पानं पुन्हा माझ्याकडे टाइपला द्यावी लागली असती, आणि मग मला कळलं असतं.

मुलगी समोर असतानाच मी ते पान टाइप केलं. कोऱ्या जागांत शाई भरली. उणे नीट बसलंय का ते पाहिलं, खिडकीपर्यंत गेलो, परत येऊन पुन्हा पाहिलं.

"काका, बसा ना जरा," ती म्हणाली.

मी उभ्यानेच तिसऱ्यांदा वाचलं. उणे जागेवर होतं. सहीची जागा तेवढी कोरी राहिली.