उंदराचं रिकामं ताट

टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या पाच वर्षांच्या लेकीला रमवायला कोणतं पुस्तक न्यावं? मी माझ्या लहानपणचं नेलं, हत्तीच्या लग्नाचं. पानापानावर पंगत, जिलब्या, भज्यांचे डोंगर! बायको औषधं आणायला जाता जाता मुखपृष्ठ बघून म्हणाली, "तुमच्या अकलेचा सत्कारच करायला पाहिजे." मी पुस्तक पिशवीत लपवलं.

जुळे सोलापुरातल्या घरून भल्या सकाळी दवाखान्यात आलो होतो, पण आधीचं ऑपरेशन संपेना. लेकीचं रडूनही झालं होतं. आता ती नुसती माझ्याकडे बघत होती. पोटात काही गेलं तर आज ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमकं तेव्हाच शेजारी बसलेल्या, केमहून आलेल्या मावशींनी फडकं सोडलं. भाकरी आणि शेंगाचटणी.

"लेकराला उपाशी ठिवलंय व्हय? एवढा तुकडा दिऊ की!"

तुकडा पुढे आला. लेकीचा हातही. घाबरून मी पिशवीत हाताला लागलं ते पुस्तक मध्ये घातलं आणि उघडलं. पंगतीचंच पान! आता माघार कसली? मी पाठ मजकूर म्हणून टाकला, "सगळे पोटभर जेवले."

"सगळे नाही," लेक म्हणाली. "हा बघ."

हत्तीच्या पायाआड उंदीर होता. गळ्याला मफलर, समोर रिकामं ताट. मजकुरात उंदीर नाहीच! आम्ही मागची पानं चाळली. वरातीत तो होता, मफलरसकट. आचाऱ्याच्या कढईमागेही होता, तोंड फिरवून. चित्रकारानं हत्तीच्या पायाशी दुसरीच गोष्ट चालवली होती, एका शब्दाचीही मदत न घेता. आणि मी पठ्ठ्या लहानपणापासून अक्षरांवरून धावत होतो.

"याचा पण घसा दुखतोय," लेकीनं निदान केलं.

मावशी तुकडा हातात तसाच धरून वाकल्या. "खरंच की गं! लई वाळलाय बिचारा."

"बाबा, मग हा जेवणार कधी?"

एकच पान उरलं होतं. तेवढ्यात सिस्टर आल्या. लेक त्यांच्या कडेवरून म्हणाली, "मी आल्याशिवाय बघायचं नाही हं!" ऑपरेशन थिएटरचं दार लागलं.

"उलटा की, दादा," मावशी हळूच म्हणाल्या. "तिला कुटं कळतंय?"

त्या पानावरचा मजकूर मला पाठ होता. हत्ती-हत्तीण सुखानं नांदू लागले. पण उंदराचं काय झालं? तिथंही ताट रिकामंच निघालं तर?

"नको, मावशी," मी म्हणालो आणि पानात बोट घालून त्या दाराकडे बघत राहिलो.