पेटीतली ती आणि टेबलावरचा मी

आमच्या श्रीरामपूरच्या दोन खोल्यांत त्या वर्षी मी, माझी बायको सुनंदा आणि तळहाताएवढा एक कोळी असे तिघे राहत होतो, आणि तिघांत घाबरट फक्त मी होतो.

सुनंदा शाळेत विज्ञान शिकवायची. मिरजगावला तिच्या वडिलांच्या रानात पाइपलाइनचा चर खणताना हा केसाळ प्राणी बिळातून निघाला. माणसं खोरी उगारून धावली, तर हिनं सगळ्यांना दटावलं आणि त्याला बरणीत घातलं. ती फडक्यात बांधलेली बरणी एसटीत माझ्या मांडीवर होती. लोणचं म्हणून! राहुरीच्या पुढं लोणच्यानं आतून खरखर केली.

"कशाचं आहे गं?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगते. घट्ट धरा."

घरी गेल्यावर सांगितलं. मी आधी मांडी झटकून घेतली.

शाळेतली गळकी माशांची पेटी आणून, तळाला माती पसरून, वर प्लायचं झाकण ठेवून हिनं त्याचा संसार थाटला. "मादी आहे," ही कौतुकानं म्हणाली. मी विचारलं, "नाव काय ठेवायचं?" तर म्हणाली, "नाव कशाला? हाक मारल्यावर येणार आहे का?" येणार नाही, हे ऐकून मला तेवढाच धीर आला.

पण तेवढाच. मी बूट झटकल्याशिवाय घालेना, उशी उलटीपालटी केल्याशिवाय टेकेना. माझा टायपिंगचा क्लास होता. विद्यार्थ्यांना न बघता टाइप करायला शिकवणारा मी, स्वतः मात्र दर ओळीनंतर टेबलाखाली वाकून बघायचो. एकदा मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून वर्गात मी शर्ट काढला. धागा निघाला!

अशात सुनंदाचं नगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. सोबतीला माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, मिरजगावहून आल्या होत्या. (सोबत कुणाला, हे कुणी स्पष्ट बोललं नाही.)

"तिला फक्त वाटीत पाणी घाला," ही निघताना म्हणाली. "बाकी लुडबुड करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब दांड्याच्या पळीनं पाणी घालायला मी झाकण उघडलं, आणि पाहतो तो काय, ती उताणी! आठही पाय वर! मी फुंकर मारली. पेटी हलवली. काही नाही. एक क्षण मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुसऱ्याच क्षणी सुनंदाचा चेहरा आठवला आणि घाम फुटला. मी तसाच चौकातल्या एसटीडी बूथवर पळालो.

नगरची लाइन लागायला, तिला वर्गातून बोलावून आणायला, मध्येच लाइन तुटून पुन्हा लागायला दुपार झाली. अखेर तिचा आवाज आला आणि मी हंबरडाच फोडला, "सुनंदा, ती गेली गं! सकाळपासून उताणी पडलीय! मी काही केलं नाही!"

बूथमधल्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढली.

"ओरडू नका!" पलीकडून ही माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "कात टाकतेय ती! अशीच उताणी होतात. हात लावू नका. झाकण नीट लावलंय ना?"

"हो," मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर मला आठवलं, की झाकण माझ्या काखेत होतं.

घरापर्यंत मी कसा आलो, मला माहीत नाही. धापा टाकत पेटीत डोकावलो. होती! तीच मळकट, केसाळ आकृती, आठ पाय पसरून. मी झाकण लावलं, वर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा ठेवला आणि भिंतीला टेकलो. तेवढ्यात आतल्या खोलीतून मामींचा शांत आवाज आला.

"पाव्हणं, ह्यो दुसरा कवा आनला?"

आत जाऊन पाहतो, तर माझ्या उशीवर आणखी एक कोळी बसला होता! स्वच्छ, चकचकीत, दुकानातून आत्ताच आणल्यासारखा.

मी घाबरलो, पण आज मी फोनवरून शास्त्र शिकून आलो होतो. खरी पेटीत आहे. म्हणजे ही कात. "मामी, घाबरू नका," मी हसून म्हणालो. "ही नुसती साल आहे. पोकळ असते." आणि मी ती उचलायला हात पुढं केला.

सालीनं पुढचे दोन पाय वर उचलले.

नंतरचं मी मामींकडून ऐकलेलं आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं मी "आई गं!" म्हणालो ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं, आणि खाली पाय न टेकवता मी पलंगावरून टेबलावर गेलो. मी भानावर आलो तेव्हा टाइपरायटर मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि मामींनी तिच्यावर हळूच वेताची टोपली पालथी घातली होती.

"चावली का तुम्हाला?" मी वरून विचारलं.

"चावतीय कशाची! थरथरतीय बिचारी. तुमी पयलं गप ऱ्हावा. लई भ्यालीय ती."

संध्याकाळी सुनंदा येईपर्यंत मी टेबलावरच होतो. तिनं पाटा-वरवंटा उतरवला, पेटीतली 'खरी' दोन बोटांनी उचलून माझ्यासमोर धरली. नुसतं टरफल! मी दुपारभर टरफल कोंडून ठेवलं होतं. मग तिनं टोपलीखालच्या जिवाला पुठ्ठ्यावर घेऊन पेटीत सोडलं आणि गंभीरपणे म्हणाली, "कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं. जरा धक्का बसला तरी जीव जाईल. दहा दिवस तिला शांतता पाहिजे."

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन मिरजगावच्या स्टँडवर उतरलो.

"काय पाव्हणं, येकलंच?" चहावाल्यानं विचारलं. "बाई न्हाई आल्या?"

आता कोळ्यानं घराबाहेर काढलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? "घरी जरा नाजूक प्रकरण आहे," मी म्हणालो. "दहा दिवस विश्रांती पाहिजे. मामी थांबल्यात तिकडंच."

मी सासऱ्यांच्या घरी हातपाय धुतो न धुतो तोच दारात तीन बाया हजर. एकीच्या हातात तान्ह्या बाळाचं विणलेलं टोपडं.

"बारसं कवा हाय, मामा?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

सासरे बावचळले. "बारसं? पाव्हणं, मला कोनी काय बोल्लं न्हाई! पोरगा का पोरगी?"

"कुणी झालेलं नाही, मामा," मी जमिनीकडं बघत म्हणालो. "कोळ्यानं कात टाकलीय."

"मग तुमी हिकडं कशाला आलाय?"

"माझ्या ओरडण्यानं तो दचकतो."

मग त्या बाईनं हातातलं टोपडं एकदा पाहिलं, एकदा मला पाहिलं, आणि ते हळूच माझ्या हातात ठेवलं.

"ऱ्हावू द्या तुमालाच," ती मायेनं म्हणाली. "भ्या वाटलं तर घालून बसा."