खडूच्या रेषेखालचे दिवे

माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये दोन पिवळे दिवे आहेत आणि ते अगदी कायद्यात बसतात. मोजून दोन, हेडलाईटच्या खाली, तोंडं जमिनीकडं. पूर्वी कुणी विचारलं की मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. हल्ली नुसतं "हो, बसवलेत" म्हणते आणि विषय बदलते.

सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. शनिवारी सहाला मशिनी बंद झाल्या की मी गाडी काढते आणि करमाळ्याच्या बाजूला, उजनीच्या पाण्याकाठच्या आमच्या वस्तीवर आईकडं जाते. वडील गेल्यापासून ती तिथं एकटी. केळीची बाग दुसऱ्याला वाट्यानं दिलेली, दारात दोन शेळ्या, आणि हाकेच्या अंतरावर शेजारची वहिनी. मी एकुलती एक. "चल सोलापूरला" हे मी दर आठवड्याला म्हणायचे आणि "तितं माजं काय हाय?" हे ती दर आठवड्याला म्हणायची. त्यावरून आमची जी जुंपायची ती विचारू नका. ती तिखट, आणि मी तिचीच लेक.

हायवे सोडला की शेवटचे अठरा-वीस किलोमीटर मिट्ट काळोख. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच उखडलेला रस्ता, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ज्यांच्या पाठीला साधा लाल दिवा नसतो. ट्रॉली दिसते तेव्हा ती आपल्या बोनेटवर आलेली असते. म्हणून मी जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्या टपावरचा एलईडीचा लांबडा बार बघून मी हरखून गेले होते. आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेला. बटण दाबलं की उसाचं पान न् पान मोजावं.

वस्तीच्या अलीकडं एक चढाचं वळण आहे. तिथं गाडी आली की हेडलाईट रस्त्यावरच राहायचे, पण त्या बारचा उजेड थेट आमच्या दारातल्या कडुलिंबावर जाऊन पडायचा. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत झाड पांढरं व्हायचं. तेवढं दिसलं की आई उठायची. वीज असेल तोवर पाण्याकाठच्या पंपांच्या मोटारींची घरघर चालू असते, त्यामुळं गाडीचा आवाज अंगणात येईस्तोवर कळत नाही. तिची खूण म्हणजे लिंबावरचा उजेड. मी फाटकाशी पोचायचे तर ही हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, हा तिचा नेम. बाळंतीण लेक असो, मुंबईचा पाव्हणा असो, की दर शनिवारी येणारी मी.

"आई, दर आठवड्याला काय? मी काय लढाईवरून आलेय?"

"गप हुबी ऱ्हा." तुकडा तीनदा फिरवून ती बाजूला टाकायची, पाणी माझ्या पायांवर ओतायची, आणि ओला हात माझ्या डोळ्यांना लावायची. मी वैतागायचे. खरं सांगते, पायावर ते पाणी पडेपर्यंत माझा आठवडा संपायचा नाही.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. समोरून मोटरसायकल येत होती आणि मी बार चालूच ठेवला होता, सवयीनं. गाडी जवळ आली, डगमगली आणि रस्ता सोडून सरळ उसात घुसली. मी ब्रेक मारून खाली उतरले. नवरा, बायको आणि तिच्या काखेत दोन वर्षांचं पोर. खरचटण्यापलीकडं कुणाला काही झालं नव्हतं. नवरा गाडी ओढून बाहेर काढत होता. ती बाई पोराला घेऊन माझ्यासमोर आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमाला दिसावं म्हनून आमी आंदळं व्हायचं का?"

मी माफी मागितली. पुढचा सगळा रस्ता बार बंद ठेवून रांगत गेले.

सोमवारी गाडी घेऊन चाचांकडं गेले. चाचा म्हणजे आमच्या कारखान्यामागं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणारा म्हातारा, चाळीस वर्षं तेच काम. बार बघून त्यांनी मला आधी चांगलं झापलं. "बाई, हे निकालनाच पडेगा. टपावरचा दिवा रस्त्यावर चालत नाही. जास्तीचे पाहिजेत तर दोन, हेडलाईटच्या वर नाही जायचं, पांढरे नाहीतर पिवळे, आणि समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाता कामा नये. तुमच्या गाडीत कंपनीनं बंपरला जागाच सोडलीय की. तिथं तिचेच बसवू." बसवल्यावर त्यांनी गाडी गोदामाच्या भिंतीसमोर लांबवर उभी केली, भिंतीवर खडूनं आडवी रेष मारली आणि स्क्रू पिळून पिळून दोन्ही दिव्यांची तोंडं खाली आणली. उजेडाची वरची कड रेषेखाली आली तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. "रेषेखालचा उजेड तुमचा. वरचा दुसऱ्याच्या डोळ्यातला."

मला ते इतकं पटलं की मी भिंतीचा फोटो काढून ठेवला.

पुढच्या शनिवारी त्या पिवळ्या उजेडात रस्त्याच्या कडा स्वच्छ दिसल्या, खड्डे दिसले, दोन ट्रॉल्यांची चाकं लांबूनच दिसली. समोरून येणाऱ्या एकानंही डोळ्यांवर हात घेतला नाही. मी खुशीत वळण चढले, फाटकाशी आले, तर आई नव्हती. ती ओट्यावर बसली होती, तोंड लिंबाकडं. मी अगदी पुढ्यात गेले तेव्हा म्हणाली, "कवा आलीस?"

त्याच आठवड्यात फोनवर आमचं कडाक्याचं वाजलं होतं. "तू मुद्दाम मला दमवतेस" असं मी म्हणाले होते आणि तिनं फोन ठेवून दिला होता. म्हटलं, आता बाईसाहेब फाटकाशीही येणार नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली नाही, मी थांबले नाही. भाकरतुकड्याशिवाय तशीच आत गेले.

त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग माझाही हट्ट पेटला. बसायचं तर बस, मी काय ओवाळून घ्यायला मरत नाही. दोन शनिवार मी गेलेच नाही, कारखान्यात काम आहे म्हणून खोटं सांगितलं. गेले की चुका काढायचे. चहा कपाबाहेर ओतला, "लक्ष कुठं असतं तुझं?" भाकरी एका बाजूनं करपली, "वय झालं म्हणून काय काहीही खायला घालशील?" शेळीच्या दाव्यात पाय अडकून ती धडपडली तेव्हा मी तिला उठवलं आणि उठवता उठवता ओरडले, "बघून चाल की जरा." ती एका शब्दानं उलटून बोलली नाही. माझी आई, आणि उलटून बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, अबोला धरलाय.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या एका शनिवारी मी अंगणात शिरले आणि नेमकी लाईट गेली. मोटारी गप्प झाल्या. आईला ओट्यावरून उतरताना दिसावं म्हणून मी गाडीचे पिवळे दिवे चालूच ठेवले. पिवळा उजेड अंगणभर पसरला होता, पायऱ्यांवर, तिच्या पावलांवर, लुगड्याच्या काठावर. त्याच्या वर अंधार. आई त्या अंधारात मान वर करून लिंबाच्या शेंड्याकडं बघत होती.

"कोन हाय?"

"मी आहे. दिवे समोर लागलेत की, दिसत नाहीत का?"

"कुटं लागल्यात?"

मला वाटलं, टोमणा मारते आहे. मी रागारागानं पुढं झाले आणि तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिनं पापणी हलवली नाही.

"तुजा उजेड लिंबावर पडायचा," ती म्हणाली. "तेवडं पांढरं दिसायचं मला. दिवाळीपास्नं पडंना झाला. म्हनलं, लेक रागावलीया. दिवं मालवून येतीया, आईनं वाटंवर येऊ नये म्हनून. मग म्या बी उठले न्हाय."

मी तिला राग आलाय म्हणून आत निघून जात होते. आणि ती, मला राग आलाय म्हणून ओट्यावर बसून राहत होती. तीन महिने.

"अगं पण दिसत नाही हे सांगायचं नाहीस?"

"सांगिटलं असतं तर तू सोलापूरला न्हेलं असतंस की."

नेलंच असतं. तेच तर मी वर्षानुवर्षं मागत होते.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले, पुन्हा तपासले आणि काचबिंदू सांगितला. तो कडेकडेनं नजर खात येतो, दुखत नाही, म्हणून माणसाला बरेच दिवस निभावून नेता येतं, म्हणाल्या. गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंबांनी टिकवायची, जमेल तितकी. "थोडं आधी आणलं असतं तर आणखी राहिली असती," असं त्या सहज बोलल्या. वाईट हेतूनं नाही. किती आधी, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. चहा कपाबाहेर सांडला त्या दिवशी. दाव्यात पाय अडकला त्या दिवशी. मी गेलेच नाही त्या दोन शनिवारी.

आईला फ्लॅटवर सोडून मी तडक चाचांकडं गेले. "बार परत बसवा," म्हटलं. "आईला तेवढाच दिसतो." रडत होते, दुकानात माणसं होती, मला कशाची शुद्ध नव्हती. चाचांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. बार त्यांच्याकडं कोपऱ्यात धूळ खात पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. म्हणाले, "बाई, समोरून बी कुणाची तरी आईच येत आसंल की." मला ती पोराला काखेत घेतलेली बाई आठवली. मी पाणी पिऊन घरी आले.

आईला पंधरा दिवस सोलापुरात ठेवलं. फ्लॅटमध्ये ती भिंतीला हात लावत चालायची आणि संध्याकाळ झाली की विचारायची, "लिंब कुनीकडं आला?" सोळाव्या दिवशी मीच तिला परत सोडलं. थेंब घालायचं काम शेजारच्या वहिनीनं अंगावर घेतलंय. किती दिवस असं चालेल, ठाऊक नाही. पण आता मी तिला चल म्हणत नाही.

वळणावर मी आता दोनदा हॉर्न देते. परवाच्या शनिवारी मोटारी चालू होत्या तरी तिला तो ऐकू गेला. मी फाटकाशी पोचले तर आई उभी, एका हातात तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मी उतरले, दिवे मालवायला विसरले. "आलीस व्हय," म्हणाली आणि तिनं तुकडा ओवाळायला सुरुवात केली, माझ्यापासून दोन हात डावीकडं, जिथं नुसता लिंबाचा बुंधा होता. एकदा फिरवला. मी चप्पल काढली, आवाज न करता सरकले आणि तिच्या हातासमोर जाऊन उभी राहिले. उरलेले दोन वेढे माझ्यावरून झाले. मग तिनं पाणी ओतलं, ते बरोबर माझ्या पायांवर पडलं. ओला हात माझे डोळे शोधत गालावर आला.

"तोंड का वलं हाय गं तुजं?"

"तूच पाणी उडवलंस," मी म्हणाले.