आतोबांचा जांगड रेडिओ

वस्तू विकत न घेता ती पुरेपूर वापरण्याची विद्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला साधली आहे, आणि ते म्हणजे राहात्याचे माझे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. क्रिकेटच्या धावत्या वर्णनासाठी ट्रान्झिस्टर घ्यावा की नाही, यावर ते दोन वर्षे विचार करीत होते. विचार करायचा तर वस्तू समोर हवी. म्हणून कसोटी सामना आला की ते पेठेतल्या दुकानातून एक सेट जांगड आणीत. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. बैल घेण्याआधी औताला जुंपून बघतात, तसे ते सेटला जुंपत. विहिरीवरचे इंजिन सुरू करून त्याच्या शेजारी ठेवत, पेरूच्या झाडाला टांगत, उलटा करून पोटावर थापटत. पाचव्या दिवशी आपण हरलो की निकाल लागे: सेटचा पायगुण वाईट. असे दोन सेट परत गेले.

"दोन सवती आणल्या घरात, एकबी नांदवली न्हाई," आत्या म्हणे.

मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो आणि पत्रके वाटून समाज बदलत होतो. पिशवीत दोन पत्रके कायम असत. एक अंधश्रद्धेविरुद्ध, दुसरे क्रिकेटविरुद्ध. साहेबाच्या या खेळाने तरुणांची धार बोथट केली, हे वाक्य माझेच. आतोबांचे प्रबोधन करायला मी राहात्याला जाई. नेमका कसोटीच्याच दिवसांत का जाई, हे आत्याने कधी विचारले नाही. तिचे उपकार आहेत.

तिसऱ्या सेटच्या वेळी दुकानदाराने बजावले, "शेवटच्या दिवशी काय ते ठरवा. हा परत आला तर पुन्हा जांगड मिळायचा नाही."

तो शेवटचा दिवस. सामना वाचवायला आपले फलंदाज झुंजत होते. चहानंतर लागोपाठ दोन गडी बाद झाले. आतोबा उठले आणि सेट पिशवीत घालू लागले.

"आतोबा, डब्यामुळे कोणी आउट होत नाही! हे विज्ञान आहे."

"मग दोन गडी कशानं गेलं, पुढारी?"

विज्ञानाकडे उत्तर होते, पण सेट पिशवीत निम्मा गेला होता. तो गेला असता तर हा सामना गेला असता आणि पुढचे सगळेच. मी म्हणालो, "सेटचा पायगुण चांगलाय. वाईट माझा आहे. मी आलो आणि पडझड सुरू झाली."

आतोबांनी मला खुरापासून शिंगापर्यंत न्याहाळले. "तसंबी असंल. मग तू गोठ्यात जाऊन बस."

गेलो. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रके मांडीवर घेऊन म्हशीशेजारी बसलो, आणि आपण हललो तर गडी पडेल या भीतीने माशीसुद्धा हाकलली नाही.

जरा वेळाने आतोबा धावत आले. "हायेत रं, दोघंबी हायेत!" सांगून परत पळाले. पुढे प्रत्येक षटकाला हेच. मला बातमी द्यायच्या नादात दोन-दोन चेंडू त्यांचे स्वतःचेच हुकत होते. शेवटच्या षटकाला तर ते आले आणि गेलेच नाहीत. तिकडे घरात सेट ओरडत होता, गोठ्यात एक शब्द कळत नव्हता. माझा दंड घट्ट धरून आतोबा धापा टाकत उभे होते.

"अहो, वाचली म्हनतोय तुमची म्याच!" आत्या आतून ओरडली.

सेट घरात राहिला. मी अजूनही पत्रके लिहितो, तावातावाने लिहितो. पण गोठ्याच्या दारातले आतोबा मनात आले की लेखणी थोडा वेळ खाली ठेवावी लागते.