टॉलरन्स सांगा

मायक्रोनमामांचा हात हलत नसे. काठोकाठ भरलेला चहाचा कप ते मशीन शॉपच्या या टोकाहून त्या टोकाला नेत आणि बशी कोरडी ठेवत. आमच्या चाकणच्या कारखान्यात ते क्वालिटीला होते. केसाएवढी चूक सापडली की माल रिजेक्ट. त्यांच्या नावातलं मामा हे वयाचं आणि मायक्रोन हे स्वभावाचं.

सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच्या कॅमेऱ्यावर लग्नांचं शूटिंग करत. मला तेव्हा शॉर्ट फिल्मचं खूळ लागलं होतं आणि फुकट येणारा दुसरा कॅमेरामन पिंपरी-चिंचवडात मला तरी माहीत नव्हता. फिल्म होती निवृत्त होणाऱ्या कामगाराची. बघणाऱ्याला आपणच तिथे उभे आहोत असं वाटावं, म्हणून कॅमेरा हातात धरून शूट करायचं ठरलं. पण मामा श्वास रोखून शूट करत. चित्र भिंतीला खिळा मारून टांगल्यासारखं यायचं.

"मामा, थोडा हलू द्या. नैसर्गिक वाटलं पाहिजे."

"व्हय, पण किती? टॉलरन्स सांगा की राव."

वैतागून मी म्हणालो, "दोन मिलिमीटर इकडं, दोन तिकडं." मामांनी बरोब्बर तेवढाच हलवला. बघताना पाळण्यात निजल्यासारखं वाटलं.

मग त्यांना एका पायावर उभं केलं, जिना चढायला लावला. शेवटी तळेगावला जाणाऱ्या टमटममध्ये बसवलं. टमटम हलली, मी हललो, कामगाराच्या मुलाचं काम करणाऱ्या आमच्या नटाला उलटी झाली, चित्र मात्र जागच्या जागी. "माल ओके हाय," मामा समाधानाने म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

उरला होता शेवटचा प्रसंग, आणि सगळी फिल्म त्याच्यावर उभी होती. टूलरूमचे शेख चाचा खरोखरच निवृत्त होत होते आणि त्यांच्या निरोपाचं शूटिंग करायला आम्हाला परवानगी मिळाली होती. माणूस एकदाच निवृत्त होतो, तेव्हा रिटेकचा प्रश्नच नव्हता. मामांना मायक्रोमीटर धरायला शिकवलं होतं ते याच चाचांनी.

नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. चाचा आपल्या ग्राइंडिंग मशीनपाशी गेले आणि रोजच्यासारखी ती फडक्याने पुसू लागले. आधी हँडल, मग कोपरे, मग खालचा ट्रे. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत होतो. चित्र थरथरलं. वाटलं, माझेच डोळे भरून आलेत. वळून पाहिलं तर मामा रडत होते आणि त्यांचे दोन्ही हात कापत होते.

चाचांनी फडक्याची घडी घातली. मामा ओशाळून म्हणाले, "चाचा, पुन्यांदा पुसता का? माझा हात हलला."

चाचांनी मशीनकडे एकदा पाहिलं. "नको बेटा. आता ती दुसऱ्याची मशीन आहे."

तो शॉट मी ठेवला. फिल्ममध्ये काय जीव आहे तो तेवढ्यातच आहे. मामांना ते पटलं नाही. "रिजेक्ट मालावर माझं नाव न्हाई पायजे," म्हणाले. मी पुष्कळ विनवण्या केल्या, पण नामावलीत ‘कॅमेरा’ या शब्दापुढची जागा कोरीच राहिली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी मामाही निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला कॅमेरा मी धरला होता. परवा चऱ्होलीला त्यांच्या घरी ते शूटिंग दाखवायला घेऊन गेलो. चित्र इतकं हललेलं, की शाल कोणती आणि मामा कोणते तेही कळत नव्हतं. मामांनी चष्मा पुसून ते शेवटपर्यंत पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या हे," म्हणाले. "पास हाय."