मलावीतला मका

मलावीत मक्याचं नवं बियाणं सुचवणारा माझा अहवाल तयार होता. निघायच्या दिवशी एका वयस्क शेतकरीणबाईंच्या अंगणात बसले होते. त्यांनी जुन्या आणि नव्या मक्याचा एकेक दाणा दाताखाली फोडून दाखवला. दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "नवा मऊ आहे, बाई. पिकतो भरपूर, पण साठवला की दोन महिन्यांत कीड लागते. मग पोरांना काय घालू?"

मला लाज वाटली. पीक कापलं की माझा अभ्यास संपायचा. यांची काळजी तिथून सुरू व्हायची. इतकी वर्षं शेतीचं अर्थशास्त्र करून हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मुक्काम वाढवून घरोघरच्या धान्य साठवायच्या कणग्या पाहिल्या, अहवाल नव्याने लिहिला. वरिष्ठ चिडले. आता कुठल्याही देशात गेले, की शेताआधी स्वयंपाकघर पाहू का, असं विचारते.